ओट्यावरचं ताट

देऊळघाट,
६ फेब्रुवारी १९६४

आक्का,

पाया पडतो आणि पडूनच राहतो, कारण पुढचं वाचल्यावर तू मला उठ म्हणणार नाहीस.

एसटीच्या कंडक्टरच्या मुलाखतीला मी गेलो नाही. निघालो होतो बरोबर. भाऊजींनी दिलेला पांढरा सदरा अंगात, शाळेचा दाखला खिशात. बुलढाण्याला मोटारीतून उतरलो तेव्हा हाताशी चांगला वेळ होता. चहा घ्यावा म्हणून वळलो, तर लिंबाखाली एक म्हातारा वांग्यांची पाटी घेऊन बसलेला. गोरा, म्हणजे उन्हानं विटकरीसारखा झालेला गोरा. धोतर, डोक्याला पंचा, दाढी छातीखाली. एक बाई वांगी घेत होती आणि हा तिच्या पिशवीत एक छापील चोपडं सारू पाहत होता.

"पाद्रीबाबा, वांगे द्या, कागद नोको."

"कागद फुकट आहे, बाई."

"फुकट हाये म्हनूनच नोको. मांगच्या खेपेचा चुलीत घातला, तं आमचा बुढा मलेच बोलला. त्यानं वाचाले ठेवला होता म्हने."

म्हातारा इतका खूश झाला की त्यानं तिला वांगी जास्त दिली. मी ते चोपडं उचललं. वर नाव होतं, 'पहिलं कुलूप कोणी लावलं?' आठ पानं. चोर आधी झाला की कुलूप आधी, असा त्यात वाद आहे. तू म्हणशील चोर. मीही म्हटलं. आठव्या पानावर आलो तेव्हा माझी खात्री राहिली नव्हती, आणि मुलाखतीची वेळही राहिली नव्हती.

मग त्याची पाटी डोक्यावर घेऊन त्याच्याबरोबर देऊळघाटला आलो. तेव्हापासून इथंच आहे.

त्याचं नाव आन्सेल्मो. गाव लिस्बन, समुद्रापलीकडे. तिथं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि रात्री लिहायचा. देव, राजा, शिपाई, सावकार यातलं कोणीच नको, माणसं एकमेकांच्या आधारानं चांगली राहतील, असं तो लिहायचा. अशा माणसाला अराजकवादी म्हणतात. त्याच्या सरकारनं त्याला बोटीत घालून गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. सुटल्यावर तो एका रात्री घाट चढून इंग्रजांच्या मुलखात आला, बेळगाव, पुणे, जालना असे छापखाने करत बुलढाण्याला पोचला. हे सगळं तू न्हातीधुती व्हायच्या आधीचं. आता गोव्यातलं सरकारही बदललं. पण यानं ना जुन्याकडे कागद मागितला ना नव्याकडे. गाव त्याला पाद्री म्हणतं कारण दाढी आहे. देव न मानणाऱ्याला पाद्री म्हणतात, आणि तो वीस वर्षं ओ देतो.

उकंडरावांच्या मळ्याच्या कडेला एक तुकडा त्यांनी त्याला वापरायला दिला आहे. तिथं वांगी, मेथी, कांदे. कुंपण नाही. घराला कडी नाही, त्यामुळे काल एक बकरी आत शिरून त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणाची दोन पानं खाऊन गेली. म्हातारा म्हणाला, तेवढीच वाईट होती.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून तो सांगतो आणि मी लिहितो. मराठीतच सांगतो. मधेच 'म्हाका' म्हणतो, मी 'मला' लिहितो. पगार नाही, जेवण आहे. पुस्तक संपलं की नक्की येतो.

तुझा,
इंद्रभान

•

हिवरा बु., ता. मेहकर,
१८ फेब्रुवारी १९६४

इंद्रभान,

आशीर्वाद दिले असं समज. खरं तर उलटा हात द्यावासा वाटतो.

तुझे भाऊजी चार दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचा भाऊ वांग्यात गेला." त्यावर हसू आलं आणि हसले म्हणून पुन्हा अबोला झाला. सिनेमाच्या तंबूत तू पेट्या उचलल्यास, खामगावला कापसात राहिलास, मलकापूरला आरसे विकलेस, ते सगळं आम्ही पोटात घातलं. पण कंडक्टरकी म्हणजे सरकारी टोपी होती रे. आणि तू गेलास कुणाकडे, तर टोपीच नको म्हणणाऱ्याकडे.

बरं. आता विचारते त्याची उत्तरं दे. तो माणूस काय खातो? तू काय खातोस? अंथरूण आहे का? डोळ्यांचं ऑपरेशन बुलढाण्याच्या दवाखान्यात होतं असं ऐकलं, मग करत काऊन नाही? आणि आठव्या पानावर चोर आधी की कुलूप, ते लिहिलं नाहीस. मला दोन दिवस तेच डोक्यात आहे.

पुढच्या पत्रात ते चोपडं घाल.

आक्का

•

देऊळघाट,
८ मार्च १९६४

आक्का,

चोपडं सोबत आहे. भाऊजींच्या हाती पडू देऊ नकोस, ते कुलपं विकतात.

भाकरी, भाजी, ताक असं खातो. म्हातारा आमटीत बुडवायच्या पावाची आठवण काढतो आणि भाकरीच बुडवतो. अंथरूण आहे. ऑपरेशनसाठी दवाखान्यात कोणत्या देशाचा ते लिहावं लागतं, हा म्हणतो कोणत्याच नाही, तिथं गाडं अडलं. मी म्हटलं, काही तरी लिहा. तो म्हणाला, "काही तरी लिहायला मी एवढ्या लांब आलो?"

आज मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी बसलो आहे. मधेच बाहेर पोपटांचा थवा कांद्यावर उतरला होता, त्याला हाकलून आलो. पोपट कांदा खातात हे मला माहीत नव्हतं. असो.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण इर्जिकीवर आहे. सगळं पुस्तक त्याच्यासाठीच लिहिलंय असं तो म्हणतो. तुमच्याकडे इर्जिक होतेच. एकाचं वावर नांगरायचं राहिलं की गावातले आपापले बैल, नांगर घेऊन येतात, एका दिवसात सगळं उलथून देतात. मजुरी कोणी घेत नाही. ज्याचं वावर तो जेवू घालतो आणि आलेला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. इथं ती रीत कडक आहे. म्हातारा गावच्या प्रत्येक इर्जिकीला जातो. बैल नाहीत, तर नांगरामागं चालून हराळीच्या मुळ्या वेचतो, पाणी देतो. तो सांगत होता, "माझ्या देशात आम्ही जे पुस्तकात लिहिलं आणि त्यासाठी तुरुंगात गेलो, ते इथली माणसं जेवणाआधी करून मोकळी होतात." मी खाली मान घालून लिहीत होतो.

मग त्यानं सांगितलं, "लिही. गावातलं प्रत्येक घर इर्जिकीला येतं. आणि मी परका, तर माझा केवढा मान. सगळे अंगणात पंगतीला बसतात, मला मात्र ओट्यावर बसवतात. सगळ्यांना पत्रावळ, मला जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं ताट. ते ताट माझ्यासाठीच ठेवलेलं असतं, दुसऱ्या कुणाला त्यात वाढत नाहीत."

आक्का, माझा टाक थांबला.

तुला सांगायला नको. मागच्या आठवड्यात उकंडरावांकडे इर्जिक होती, मी पंगतीत होतो. जेवणं झाल्यावर त्यांच्या बायकोनं, पुष्पाकाकूंनी, ते ताट वरून पाणी ओतून घेतलं आणि गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलं. हातानं, पण बोटांच्या टोकांनी. वाईट नाहीत त्या. म्हाताऱ्याला ताप आला की काढा त्याच आणतात. पण पंगतीत त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं म्हणजे त्यांच्या घरात कोणाला जमत नाही, कोणत्या जातीचा ते ठाऊक नाही म्हणून.

आणि प्रत्येक घर तर नाहीच. बौद्धवाड्याला इर्जिकीचं बोलावणं जात नाही. हिंमतराव म्हणून तिथं एक आहे, त्याचं नदीकडे वावर आहे, एक बैल आहे, दुसरा उसना आणतो. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे इर्जिक होते का? तो म्हणाला, "होते ना. मी अन् माही बायको." म्हातारा वाड्यात रोज जातो, मेथी देतो, पोरांना शिकवतो. पण इर्जिकीत कोण नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही. जे येतात त्यांच्याकडे पाहण्यातच त्याची वीस वर्षं गेली.

आता तू सांग. मी त्याला सांगू का? हे प्रकरण गेलं तर पुस्तक जाईल, आणि पुस्तक गेलं तर तो कशासाठी आला एवढ्या लांब? डोळे असे, वय असं. राहू दे का त्याला त्याच्या ओट्यावर?

इंद्रभान

•

हिवरा बु.,
२० मार्च १९६४

इंद्रभान,

तुझं पत्र दळण बाजूला ठेवून वाचलं.

तुला एक सांगते. मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तू लहान होतास. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या सणाला सासूबाईंनी माझं पान वेगळं मांडलं. चौरंग दिला, समई शेजारी ठेवली. मला वाटलं नव्या नवरीचा मान. माहेरी पत्र पाठवून मी आईला तसं कळवलंही. आई किती खूश झाली होती. वर्षभर मी त्या चौरंगावर जेवले. मग नणंदेनं भांडणात तोंडावर फेकलं, की माझ्या कोपरावरचा भाजल्याचा पांढरा डाग बघून यांच्या घरात सगळ्यांना कोडाचा संशय होता.

नंतर डॉक्टरनं पाहिलं, सगळं निवळलं, सासूबाई स्वतः माझ्या ताटात जेवल्या. पण मला लाज वाटली ती डागाची नाही, ज्या आनंदात आईला पत्र लिहिलं त्याची वाटली. आणि भांडणात कळलं याची. आपल्या माणसानं जवळ बसवून सांगितलं असतं तर मी रडले असते आणि विसरले असते.

तेव्हा सांग. पुस्तक छापून आल्यावर बुलढाण्याचा एखादा वकील चारचौघांत हसून सांगेल, त्याआधी तू सांग. जेवल्यावर सांग. आधी सांगू नकोस, म्हातारी माणसं मग जेवत नाहीत.

पोपट कांदा खात नाहीत, पात तोडतात.

आक्का

•

चिखली,
११ एप्रिल १९६४

आक्का,

पत्ता बघून कपाळाला हात लावला असशील.

मी सांगितलं नाही. तीन वेळा जेवण झाल्यावर बसलो. पहिल्यांदा त्यानं लिस्बनच्या ट्रामची गोष्ट काढली, ती चढावर दोरीनं ओढतात, त्यात संध्याकाळ गेली. दुसऱ्यांदा उकंडराव तंबाखूला आले. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही, ट्रामही आली नाही. तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. डोळे धुरकट, पण चेहरा असा की आत्ता कोणी तरी चांगली बातमी सांगणार आहे. मी म्हटलं, "बाबा, भाजी छान झाली होती."

मग प्रकरण उतरवून काढताना मी एक शब्द बदलला. 'प्रत्येक घर' होतं, तिथं 'पुष्कळ घरं' केलं. ओट्याचं तसंच ठेवलं. त्याला वाचता येत नाही म्हणून हे करता आलं. त्या रात्री कडी नसलेल्या घरात मला पहिल्यांदा चोर झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सिनेमाचा जुना तंबू चिखलीला लागलाय असं कळलं, आणि मी आलो. त्याला सांगितलं, मुलाखत आहे. त्यानं मला बांधून भाकरी दिल्या आणि म्हणाला, "टोपी मिळाली तर घालून दाखव."

इथं काम बरं आहे. पडदा फाटलाय, नटीच्या गालाला ठिगळ लावलंय, लोक तरी रडतात.

तू काही लिहू नकोस.

इंद्रभान

•

देऊळघाट,
२२ एप्रिल १९६४

इंद्रभान,

हो, देऊळघाट. पत्ता तुझाच टाकला आहे. काही लिहू नकोस म्हणालास, म्हणून मोटारीत बसले. तुझे भाऊजी सोडायला आले होते, म्हाताऱ्याला डोळे दाखवायला घेऊन जातो म्हणाले. ते बाहेर उकंडरावांशी नांगराच्या फाळाबद्दल बोलत बसले आहेत. काल दवाखान्यात देशाच्या जागी त्यांनी स्वतःच 'देऊळघाट' लिहून दिलं आणि कारकुनानं घेतलं. पावसाळ्यानंतर ऑपरेशन आहे.

बाबा मला सत्यभामा म्हणतात, 'बाई' लावत नाहीत. बरं वाटतं.

मी तुझं काम केलं. मांडीवर चाळणी घेऊन मेथी निवडत होते, ते कांदा चिरत होते, हातानं चाचपून. मी विचारलं, "बाबा, ओट्यावर तुमच्या शेजारी कोण बसतं?"

"कोणी नाही. तो माझा मान."

मी म्हटलं, "मलाही असाच मान होता." आणि माझं चौरंगाचं सांगितलं. सगळं. डागही दाखवला, त्यांच्या बोटाला लावून. त्यांच्या ताटाबद्दल एक शब्द बोलले नाही.

त्यांनी विळी बाजूला केली. बाहेर तुझ्या भाऊजींचा आवाज येत होता. मग म्हणाले, "जर्मनचं ताट." मी म्हटलं, "हो." मग विचारलं, "आणि हिंमतराव कुठे बसतो?" मी म्हटलं, "त्याला बोलावणंच नाही, बाबा." ते म्हणाले, "मी त्याला एकदा विचारलं होतं, तू इर्जिकीला का येत नाहीस. तो म्हणाला, वेळ नाही. मला वाटलं, खरंच वेळ नाही."

रडले नाहीत. कांदा चिरून पुरा केला. रात्री जेवले, थोडं कमी. मी पाहत होते. तुझं लिहिलेलं प्रकरण मला वाचायला लावलं. तुझा शब्द तिथं सापडला. पुढचं तेच सांगतात, मी लिहिते.

आक्का

•

त्याच कागदावर

इंद्रभान,

हे तुझी बहीण लिहिते आहे, तेव्हा माझं मराठी नीट दिसेल.

मी 'प्रत्येक' म्हणालो, तू 'पुष्कळ' लिहिलंस. तुझं बरोबर होतं. पण शब्द बदलण्याआधी माझ्याशी भांडायचं होतं. मला भांडणासाठी एका बोटीत घातलं. माझ्या घरातून भांडणासाठी कोणाला जावं लागेल, असं तुला वाटलं कसं? (इथं ते थांबले होते. मी पाणी दिलं. — आ.)

मी लोकांना सांगत होतो, राजा नसला की माणसं एका ओळीत बसतात. मी स्वतः वीस वर्षं ओळीत नव्हतो, आणि मला ते सिंहासन वाटलं. चांगला विनोद आहे. लिस्बनमध्ये माझे मित्र असते तर महिनाभर हसले असते. (हे सांगताना ते खरंच हसले. — आ.)

पुस्तक फाडणार नाही. प्रकरण मात्र अजून झालेलं नाही. माझ्या तुकड्याच्या पलीकडे पडीक आहे, कडक. उकंडराव म्हणतात, नांगरलं तर वापरा. मी कधी माझ्यासाठी इर्जिक बोलावली नाही. आता बोलावतो. सगळ्या गावाला, हिंमतरावाच्या वाड्यालाही. मी सगळ्यांच्या वावरात हराळी वेचली आहे, तेव्हा येतील. नांगरतील. मग मी कणकेचे रोडगे वाढीन, एकाच ओळीत. कोण बसेल ते मला दिसणार नाही. तू ये आणि मला सांग. खरं तेच सांग, म्हणजे लिहिता येईल.

टोपी मिळाली नसली तरी ये.

आन्सेल्मो

•

देऊळघाट,
१३ मे १९६४

आक्का,

तू थांबायला हवी होतीस. तुझ्या पोरीच्या गोवरानं तुला परत नेलं, ती बरी आहे हे भाऊजींच्या कार्डावरून कळलं. तुझ्यासाठी सगळं लिहितो, मधे कुठं वाहवलो तर ओढून आण.

मी आदल्या दिवशी पोचलो. म्हाताऱ्यानं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाला, "टोपी नाही." बस्स. भांडण तेवढंच.

सकाळी मोप लोक आले. उकंडराव स्वतः दोन जोड्या घेऊन, महादेवराव, अर्जुनराव, सगळे. वाड्यातून हिंमतराव आला, त्याचा एक बैल आणि उसना एक, आणि बरोबर चार-पाच जण. हिंमतरावाला बघून बाकीचे जरा गप्प झाले. उकंडरावांनी विचारलं, "हिंमत, तू कसा बे?"

"बोलावनं होतं. तुमाले होतं तसं मलेही होतं."

"हाव, पन तुह्या त्या बैलानं हे ओढनं होते का?"

"मालकाच्या बैलानं होते का ते पाहा."

लोक हसले आणि नांगर जुंपले. पडीक इतकं कडक की फाळ वाजत होता. दोन-तीन तासांतच सगळे एकमेकांच्या बैलांवर बोलू लागले, म्हणजे ठीक चाललं होतं. म्हातारा मागून हराळी वेचत होता. दिसत नसल्यानं त्यानं थोडे कांदेही उपटले असते, मी वळवला.

रोडगे पुष्पाकाकूंनी केले. गोवऱ्यांच्या आरावर शेताच्या कडेलाच भाजले, वांग्याची भाजी, वरण. दुपारी म्हाताऱ्यानं आंब्याखाली पत्रावळी मांडल्या, एका ओळीत, बांधापासून विहिरीपर्यंत, हातानं चाचपत. ओटा तिथं नव्हताच.

हिंमतराव आणि त्याची माणसं बसली. मी बसलो. बाकीचे विहिरीवर हात धुतच राहिले. इतके स्वच्छ हात मी देऊळघाटात पाहिले नाहीत. मग महादेवराव म्हणाले, त्यांना आज उपास आहे. अर्जुनरावांना आठवलं, त्यांनाही आहे. बघता बघता विहिरीवरचे सगळे उपाशी निघाले. उकंडरावांना शेवटी झाला.

पुष्पाकाकू तिथून आराजवळून म्हणाल्या, "सकाऊन दोन भाकरी खाऊन निघाले, तवा नव्हता वाट्टे उपास?"

"दुपारून लागला," उकंडराव म्हणाले.

"मंग मी हे एवढे रोडगे काय म्हशीले केले?"

सगळे दूर लिंबाकडे जाऊन बसले, पण घरी कोणी गेलं नाही. कारण तुला माहीत आहे, घरधनी जेवल्याशिवाय इर्जिक उठत नाही, आणि घरधनी शेवटी जेवतो. म्हणजे ते जेवणार नाहीत, तर म्हातारा जेवणार नाही. ऊन असं तापलेलं. मी म्हाताऱ्याच्या कानात सगळं सांगितलं, कोण बसलं, कोण नाही. खरं तेच. मला वाटलं, आता हा उपाशी राहणार, संध्याकाळपर्यंत यांचा जीव कासावीस होईल, मग कोणी तरी येईल. मी तसं म्हटलंही.

तो म्हणाला, "म्हणजे मी उपाशी राहून त्यांना ओढून आणू? ते तर सरकारचं काम. वाढ मला."

"बाबा, रीत आहे. तुम्ही शेवटी."

"रीत आहे हे ठाऊक आहे. मला भूकही आहे."

आणि तो हिंमतरावाच्या शेजारी एक जागा सोडून बसला, रोडगा फोडला, भाजीत बुडवला आणि खायला लागला. हिंमतरावानंही मग घास घेतला. तोवर तो नुसता बसून होता. नंतर म्हणाला, "बाबा, मी जेवाले नोतो आलो. नांगराले आलो होतो."

"मला माहीत आहे. तरी जेव."

तेवढ्यात लिंबाखालून उकंडराव उठले. ताडताड चालत आले. लाल झाले होते. मला वाटलं, आता मारतात.

"पाद्रीबाबा, हे काय होये? माह्या दोन जोड्या तुमच्या वावरात, मी अजून उपाशी, अन् तुम्ही जेवून राह्यले?"

"तुमचा उपास आहे ना?"

"उपास असला म्हनून काय झालं? इचारायची रीत हाये का नाही? घरधनी पावन्याच्या आंधी खाते, असं आमच्या बापजन्मात नाही झालं. लोक काय म्हनतीन, उकंडाले विचारलंच नाही?"

"मी विचारतो. जेवता का?"

उकंडरावांनी ओळीकडे पाहिलं. मोकळी पत्रावळ एकच दिसत होती जवळ, म्हातारा आणि हिंमतरावाच्या मधली. बाकीच्या लांब होत्या, पण तिकडे जायचं तर राग संपला असता. ते तिथंच मांडी घालून बसले, धपकन, आणि म्हणाले, "वाढ बे इंद्रभान. पाहत काय राह्यला?"

मी वाढलं. ते खाली मान घालून, रागानंच जेवले. हिंमतराव जरा सरकून बसला, त्यांना मांडी घालायला जागा व्हावी म्हणून. उकंडराव म्हणाले, "सरकू नोको, भाजी सांडीन." पुष्पाकाकू वरण घेऊन आल्या आणि नवऱ्याला वाढता वाढता म्हणाल्या, "सुटला का उपास?" तेव्हा म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि त्याच्या पाठीवर उकंडरावांनीच थापा मारल्या. आक्का, वीस वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा हात लावला, असं पुष्पाकाकू मला नंतर म्हणाल्या. त्यांना हे आठवत होतं, म्हणजे बघ.

अर्जुनराव आले शेवटी, टोकाला बसले, पोट दुखतं म्हणत थोडंच खाल्लं. महादेवराव आणि इतर आले नाहीत. बैल सोडून घरी गेले. त्यांनी नांगरलेलं वावर मात्र चांगलं नांगरलं होतं, ते खोटं सांगणार नाही.

हात धुताना हिंमतरावानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पुढच्या बुधवारी माह्या वावरात इर्जिक हाये. नदीकडे. जेवन आमचंच राहीन, आमच्या घरचं." कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आज बुधवार. हे मी हिंमतरावाच्या बांधावर बसून लिहितो आहे. सकाळपासून आम्ही वाट बघितली. म्हातारा येताना काठी घेऊन आला, चालताना दोनदा पडता पडता राहिला, तरी माझा हात धरला नाही. नदीत पाणी आटलंय, एक बगळा मघापासून एका पायावर उभा आहे. असो.

त्यानं मला विचारलं, "किती जोड्या आल्या?"

मी वाटेकडे पाहिलं. उकंडराव एकटेच येत होते, एक जोडी घेऊन. दुसरी घरीच ठेवली होती. मागं कोणी नव्हतं. मला क्षणभर वाटलं, दोन म्हणावं. याला काय दिसतंय?

"एक, बाबा."

"कोणाची?"

"उकंडरावांची."

त्यानं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "कागद आहे ना? मग एक लिही."

तुझा,
इंद्रभान